एक कार्ड, तीन भाडी

बोरिवलीहून ठाण्याला लोकलने जायचं तर दादरला गाडी बदलावी लागते. पश्चिम रेल्वे तिथे सुटते आणि मध्य रेल्वे सुरू होते. दोन झोन, दोन महाव्यवस्थापक, दोन वेळापत्रकं. तिकीट मात्र एकच, 'व्हाया दादर'. भाडं सलग ४९ किलोमीटरचं लागतं आणि दादरचा पूल चढता-उतरताना कुणी नव्याने पैसे मागत नाही. त्यातले कुणाच्या वाट्याला किती, हा हिशेब रेल्वेवाले आपसांत करतात; प्रवाशाला त्याची खबरही नसते. हाच प्रवासी ठाण्याला उतरून टीएमटीच्या बसमध्ये चढला की मीटर पुन्हा शून्यावर येतं आणि पहिल्या टप्प्याचं भाडं नव्याने द्यावं लागतं.

हा 'पहिला टप्पा' नीट समजून घ्यायला हवा, कारण संयुक्त तिकिटाचा सगळा प्रश्न तिथेच अडकलेला आहे. जगात जवळपास सगळीकडे भाड्याची रचना अशी असते की चढल्या-चढल्या एक किमान रक्कम द्यायची आणि मग अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर उतरत जातो. लांबच्या प्रवाशाला याचा फायदा होतो. पण तेच अंतर तीन वाहनांनी तोडलं, तर किमान रक्कम तीनदा भरावी लागते. म्हणजे घरापासून ऑफिसपर्यंत थेट वाहन नाही याचा दंडही प्रवाशानेच भरायचा. संयुक्त तिकीट म्हणजे हा दंड माफ करण्याची किंवा निदान कमी करण्याची युक्ती. ते कागदावर छापलंय, कार्डात आहे की मोबाइलमध्ये, हा पुढचा मुद्दा. आपल्याकडे गेली पंधरा-वीस वर्षं चर्चा होते ती मात्र या पुढच्या मुद्द्याचीच.

एक साधा हिशेब करून पाहू. कांदिवली पूर्वेला राहणारा आणि अंधेरीच्या एमआयडीसीत नोकरी करणारा माणूस घ्या. घर ते स्टेशन एक बस, मग लोकल, मग अंधेरी पूर्वेला दुसरी बस. कांदिवली-अंधेरी अंतर दहा किलोमीटरच्या आतलं, म्हणजे सेकंड क्लासचं तिकीट ५ रुपये. बेस्टच्या एसी बसचं पाच किलोमीटरपर्यंतचं भाडं १२ रुपये. एका दिशेचे झाले २९ रुपये, त्यातले २४ बसचे. बरं, हा माणूस तिकीट काढणारा नाही, पासवाला आहे. रेल्वेचा मासिक पास शंभर रुपयांच्या आसपास पडतो. बसचे मात्र रोजचे ४८ आणि पंचवीस दिवसांचे १२०० रुपये होतात. बेस्टचा कुठेही फिरू देणारा मासिक पास १८०० रुपयांचा, तो याला परवडत नाही. ठरावीक फेऱ्यांच्या ज्या स्वस्त योजना आहेत त्या घेतल्या तर थोडेफार वाचतात. तरीही मुख्य प्रवास फुकटासारखा आणि त्याला जोडणारा तुकडा महाग, हे उलटं चित्र बदलत नाही. म्हणूनच कांदिवली काय, कुर्ला काय, स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची रांग बसच्या रांगेपेक्षा लांब असते. शेअर रिक्षावाला बसपेक्षा थोडे जास्त घेतो, पण लगेच निघतो.

हे चित्र कुणी ठरवून काढलेलं नाही. रेल्वेचे दर दिल्लीत ठरतात आणि मुंबईच्या सेकंड क्लासला हात लावायची हिंमत सहसा कुणी करत नाही. २०१४ च्या जूनमध्ये ती झाली होती. तोवर मासिक पास पंधरा एकेरी फेऱ्यांच्या हिशेबाने आकारला जायचा. तो तीस फेऱ्यांचा करायचं जाहीर झालं, म्हणजे पास एका झटक्यात दुप्पट. मुंबईत असा गदारोळ उठला की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. २०२५ मध्ये रेल्वेने दोनदा भाडी वाढवली, उपनगरी तिकीट आणि पास दोन्ही वेळा वगळले. बेस्टची गोष्ट निराळी. २०१९ च्या जुलैमध्ये तिने किमान भाडं ५ रुपयांवर आणलं आणि बस एकदम भरायला लागल्या. पुढे तोटा पेलवेना, तेव्हा ९ मे २०२५ पासून किमान भाडं साध्या बसला १० आणि एसीला १२ झालं, मासिक पास ९०० चा १८०० झाला. एकाच माणसाच्या एकाच प्रवासातल्या दोन तुकड्यांचे दर दोन वेगळी सरकारं दोन वेगळ्या भीतींपोटी ठरवतात. त्यांची बेरीज किती होते हे पाहणं कुणाच्याच कामात बसत नाही.

कार्डांची कमतरता मात्र आपल्याला कधी पडली नाही. २००७ च्या सुमारास 'गो मुंबई' नावाचं कार्ड आलं, लोकल आणि बेस्ट दोन्हींत चालणारं. काही वर्षांत ते विस्मरणात गेलं. मार्च २०१९ मध्ये केंद्राचं नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड आलं, म्हणजे रुपे कार्डातच प्रवासाचं पाकीट. जानेवारी २०२३ मध्ये मेट्रो २अ आणि ७ पूर्ण धावू लागल्या त्याच दिवशी 'मुंबई १' कार्ड आलं. मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पोहोचली त्या ऑक्टोबर २०२५ मध्ये 'मुंबई वन' अॅप आलं आणि अकरा परिवहन सेवा एका पडद्यावर आल्या: लोकल, सगळ्या मेट्रो, मोनो, बेस्ट आणि ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदरच्या बस. ही सोय मोठी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. तीन अॅप आणि सुट्टे पैसे यांच्यात घुटमळणाऱ्या माणसाला एकदाच पैसे भरून मोकळं होता येतं. पण कांदिवलीच्या त्या माणसाने हे अॅप वापरलं तरी त्याचे २९ चे २९ रुपयेच जातात. तीन भाडी एका पावतीवर आली, एवढाच फरक.

हा गुंता इतरांनी कसा सोडवला? पद्धती अनेक आहेत आणि प्रत्येकीची सवलत वेगळ्या खिशातून येते.

सगळ्यात साधी, आणि मला वाटतं आपल्याला सगळ्यात उपयोगी, पद्धत ब्रिटनची 'प्लसबस'. २००२ पासून ती चालू आहे आणि आज तिथल्या २८० च्या आसपास गावाशहरांत चालते. रेल्वेचं तिकीट काढतानाच वर थोडे पैसे भरायचे. मग सुरुवातीच्या, शेवटच्या किंवा दोन्ही गावांत ठरलेल्या हद्दीत दिवसभर कितीही बस वापरा. दिवसाची, आठवड्याची, महिन्याची आणि वर्षाची अशी मिळते. किंमत गावागणिक वेगळी, पण त्याच गावातल्या बसच्या स्वतंत्र दिवसभराच्या पासपेक्षा सहसा कमी. तिकडे एकाच शहरात दोन-तीन खासगी कंपन्यांच्या बस धावतात आणि एकीचा पास दुसरीत चालत नाही. तिथे बहुतेक सगळ्यांना चालणारं हे तिकीट म्हणून मोलाचं.

तिच्या नियमांतही बारकावे आहेत. प्लसबस सुटी विकत मिळत नाही, सोबत रेल्वेचं तिकीट हवंच. ते तिकीट बसच्या हद्दीच्या बाहेरून येणारं किंवा बाहेर जाणारं हवं. नाहीतर लोक पुढच्याच स्टेशनचं स्वस्त तिकीट काढून दिवसभर बसने फिरले असते. लहान मुलांना निम्मा दर. तरुणांचं किंवा ज्येष्ठांचं रेलकार्ड असेल तर दिवसाच्या प्लसबसवर एक तृतीयांश सूट मिळते. आठवड्याच्या किंवा महिन्याच्या पासवर ही सूट नाही, कारण तो आधीच सवलतीचा. लंडनमध्ये प्लसबस नाहीच. जाता जाता, मुलाकडे किंवा मुलीकडे इंग्लंडला चार महिने राहायला जाणाऱ्या आपल्याकडच्या आईबाबांनी एक लक्षात ठेवावं: तिथल्या ज्येष्ठांना मिळणारा फुकट बसचा पास स्थानिक रहिवाशांनाच असतो, पण सीनियर रेलकार्डाला नागरिकत्वाची अट नाही. वय साठ पूर्ण असल्याचं पासपोर्टवरून दिसलं की झालं. वर्षाचे ३५ पौंड पडतात. लीड्स किंवा मँचेस्टरच्या दोन-तीन फेऱ्यांत ते सहसा वसूल होतात आणि प्लसबसवर सूट मिळते ती वेगळी.

प्लसबसला धक्का बसला तो एका चांगल्या निर्णयामुळे. जानेवारी २०२३ पासून इंग्लंडमध्ये बसच्या एकेरी फेरीचं भाडं २ पौंडांवर रोखलं गेलं, जानेवारी २०२५ पासून ते ३ झालं. २ पौंडांच्या काळात स्टेशनपासून घरापर्यंत जाऊन-येऊन ४ पौंडांत भागत होतं, तर तेवढ्याच किमतीचं वेगळं जोड-तिकीट कोण काढणार? एका खात्याची सवलत दुसऱ्या खात्याच्या सवलतीला निरर्थक करते, हे सगळीकडेच घडतं. सवलती एकत्र बसून ठरवल्या नाहीत तर असंच होणार.

लंडनने दुसरा मार्ग धरला, आणि तो भांडणातून निघाला. १९८१ मध्ये तिथल्या महानगर परिषदेने भाडी उतरवली आणि तूट करदात्यांवर टाकली. ब्रॉमली या उपनगरातून ट्यूब, म्हणजे लंडनची मेट्रो, जात नाही. तिथल्या परिषदेने 'आमच्या लोकांनी का भरायचं?' म्हणत दावा लावला आणि डिसेंबर १९८१ मध्ये तो हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायाधीशांसमोर जिंकलाही. भाडी पुन्हा चढली. त्या राखेतून १९८३ मध्ये ट्रॅव्हलकार्ड आलं: शहराची वर्तुळं पाडायची आणि एका पासावर बस आणि ट्यूब दोन्ही. ब्रिटिश रेल मात्र बाहेरच होती. तिच्यासाठी १९८५ मध्ये वेगळं कॅपिटलकार्ड निघालं आणि दोन्ही एक व्हायला १९८९ उजाडलं. आज तिथे कार्ड टॅप केलं की दिवसाची कमाल मर्यादा आपोआप लागते. त्यापुढे कितीही फिरा, पैसे कापले जात नाहीत. बसमधून बसमध्ये तासाभरात चढलात तर दुसरी फेरी फुकट, हा 'हॉपर' २०१६ चा. लंडनचं कौतुक करताना एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: बसमधून उतरून ट्यूबमध्ये गेलात तर हॉपर लागत नाही, दोन्ही भाडी पूर्ण कापली जातात. दिवसात फक्त बस आणि ट्यूबची एकेक फेरी करणारा कमाल मर्यादेपर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे कांदिवलीच्या माणसाची तक्रार लंडनमध्येही पूर्ण सुटलेली नाही.

जर्मनीत हॅम्बुर्गने १९६५ मध्येच शहरातल्या सगळ्या वाहतूकदारांची एक संघटना उभारली: एक तिकीट, एक वेळापत्रक, एक दरपत्रक, आणि गल्ला वाटून घेणं पडद्यामागे. पुढे जवळपास सगळी जर्मन शहरं त्याच वाटेने गेली. त्या पायावरच मे २०२३ चं डॉइचलांड तिकीट उभं राहिलं: महिन्याला ४९ युरो, देशभरातल्या सगळ्या स्थानिक बस, ट्राम आणि प्रादेशिक गाड्या, लांब पल्ल्याच्या जलद गाड्या वगळून. केंद्र आणि राज्यं मिळून वर्षाला ३ अब्ज युरो त्यात घालतात. तरी पुरेना म्हणून २०२५ पासून ५८ आणि २०२६ पासून ६३ युरो झाले. मुंबईला याचं अनुकरण करायला सांगणाऱ्यांनी आधी आपला सेकंड क्लासचा पास बघावा. विरार किंवा कर्जतला जाणाऱ्याला एकच सपाट दर लावला तर जवळच्याला महाग पडेल, आणि जवळच्यांना परवडेल असा लावला तर तिजोरी फुटेल.

सिंगापूरने २०१० च्या जुलैपासून बस आणि मेट्रोचं अंतर सलग मोजायला सुरुवात केली. एका वाहनातून उतरून ४५ मिनिटांच्या आत दुसऱ्यात बसलात तर प्रवास चालूच आहे असं धरतात. पहिल्या टप्प्याचा दंड संपला. हे न्याय्य आहे यात शंका नाही, पण तिथे दर ठरवणारी परिषदच एक आहे, त्यामुळे ते आपल्याला लगेच लागू पडत नाही.

आपल्याला जवळचं उदाहरण सोलचं. तिथेही राष्ट्रीय रेल्वे वेगळी, महापालिकेची मेट्रो वेगळी आणि बस खासगी कंपन्यांच्या. १ जुलै २००४ रोजी महापौर ली म्युंग-बाक यांनी सगळं एकदम बदललं. बसचे मार्ग शहराने ताब्यात घेतले, कंपन्यांना गोळा केलेल्या भाड्याऐवजी धावलेल्या किलोमीटरवर पैसे द्यायला सुरुवात केली आणि बस-मेट्रोचं भाडं एकूण अंतरावर आणलं. पहिले दहा किलोमीटर किमान भाड्यात, पुढे पाच किलोमीटरमागे थोडी भर. वाहन बदलायला तीस मिनिटं. पहिल्याच दिवशी कार्डयंत्रणा कोलमडली आणि शहराने महापौरांना यथेच्छ शिव्या घातल्या. आज त्या पद्धतीशिवाय सोलची कल्पना करता येत नाही. यातली किलोमीटरमागे पैसे देण्याची पायरी बेस्टने कळत-नकळत चढलेली आहे. तिच्या भाड्याने घेतलेल्या बसच्या कंत्राटदारांना किलोमीटरमागे पैसे मिळतात, तिकिटाचा गल्ला बेस्टचा. म्हणजे जोड-प्रवाशाला सवलत दिली तर कंत्राटदाराचं काही बिघडत नाही; खड्डा पडतो तो बेस्टच्या, म्हणजे शेवटी महापालिकेच्या, तिजोरीला. चढताना-उतरताना कार्ड टॅप करायची सोयही काही बसमध्ये २०२२ पासून आहे.

राहिले सवलतीचे नियम, आणि आपल्याकडे खरी गंमत इथे आहे. आठ वर्षांच्या नातीला घेऊन आजी अंधेरीहून निघाली, तर लोकलमध्ये नातीचं अर्धं तिकीट, कारण रेल्वेत पाच ते बारा वर्षांपर्यंत निम्मा दर. मेट्रोत वय विचारत नाहीत, उंची बघतात. तीन फुटांच्या वर असेल तर पूर्ण भाडं. आजीचं तर आणखी कठीण. रेल्वेत पुरुष साठीला आणि बाई अठ्ठावन्नाव्या वर्षी ज्येष्ठ होत असे, पण ती सवलत मार्च २०२० मध्ये थांबली ती थांबलीच. मेट्रो २अ आणि ७ वर पासष्ट पूर्ण झालेल्यांना पासवर २५ टक्के सूट. एसटीत पासष्टला निम्मं भाडं, पंचाहत्तरीनंतर फुकट. बाईंना मार्च २०२३ पासून वय न बघता निम्मं. विद्यार्थ्यांचंही तसंच: रेल्वेत मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत घर ते कॉलेज सेकंड क्लासचा मासिक पास मोफत, मेट्रोची सूट मात्र मुलगा-मुलगी दोघांना बारावीपर्यंतच. म्हणजे एफवायची मुलगी लोकलमध्ये विद्यार्थिनी, मेट्रोत साधी प्रवासी.

अशा परिस्थितीत 'एकच तिकीट' काढायचं तर त्यावर आजीचं वय काय धरायचं? यातल्या प्रत्येक सवलतीमागे वेगळी घोषणा आहे, वेगळं बजेट आहे आणि ती कमी केली तर वेगळा मोर्चा आहे. त्यामुळे सगळ्या व्याख्या एक करायच्या मागे लागलं तर संयुक्त तिकीट कधीच निघायचं नाही. प्लसबसने हे शहाणपण दाखवलं: रेल्वेची सूट रेल्वेच्या नियमाने, बसच्या तुकड्यावर एकच सोपी सूट, आणि दोन्ही सुटी ठेवायची.

सही कुणी करायची हा प्रश्न उरतोच. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने मोठ्या शहरांत एकात्मिक परिवहन प्राधिकरण असावं असं सुचवलं. चेन्नईने २०१० मध्ये तसा कायदा केला, आणि बस, मेट्रो, लोकल एका क्यूआर कोडवर आणणारं 'चेन्नई वन' अॅप सप्टेंबर २०२५ मध्ये निघालं. पंधरा वर्षं लागली, आणि तेही अॅपला. मुंबईतल्या कुठल्याही प्राधिकरणाला रेल्वेच्या भाड्यावर अधिकार असणार नाही, कारण रेल्वे हा केंद्राचा विषय. तेव्हा रेल्वेचं भाडं जिथे आहे तिथे ठेवून वाट शोधावी लागेल.

ती वाट माझ्या मते पासाची. मुंबईत लोकलचा बहुसंख्य प्रवासी पासवाला. त्या पासावर दोन स्टेशनांची नावं असतातच. त्याच खिडकीवर, त्याच अॅपमध्ये, कांदिवलीच्या पासासोबत 'कांदिवली बस' आणि 'अंधेरी बस' अशी जोड विकता येईल: स्टेशनपासून पाच किलोमीटरच्या आत, महिनाभर, ठरलेल्या रकमेत. रेल्वेने फक्त ती वसूल करून बेस्टला द्यायची. तिच्या स्वतःच्या भाड्यातला एक पैसाही कमी होत नाही, त्यामुळे दिल्लीचा आक्षेप असायचं कारण नाही. पास एकाच स्टेशनच्या हद्दीतला असेल तर जोड मिळणार नाही, हा प्लसबसचा नियम तसाच उचलावा. विद्यार्थ्यांचा मोफत पास असेल त्यालाही जोड पूर्ण किमतीला द्यावी का, हे महापालिकेने ठरवावं. पैसे तिचे आहेत.

रक्कम किती? आज कांदिवलीचा माणूस दोन्ही टोकांना मिळून १२०० भरतो किंवा, जास्त करून, भरतच नाही आणि रिक्षात बसतो. दोन्ही जोडी मिळून ६०० ला मिळाल्या तर बेस्टचं नुकसान होईल की रिक्षाकडून परत आलेल्या प्रवाशांनी ते भरून निघेल, हे कागदावर कळणार नाही. एका स्टेशनवर सहा महिने करून बघावं लागेल. त्यात एक अडचण तिकिटाच्या पलीकडची आहे. बेस्टचा ताफा एकेकाळी चार हजारांवर होता, आता तीन हजारांच्याही खाली आहे. अंधेरी पूर्वेला संध्याकाळी बससाठी वीस-पंचवीस मिनिटं थांबावं लागत असेल तर जोड-पास फुकट वाटला तरी लोक रिक्षाकडेच वळतील. तेव्हा प्रयोगाला स्टेशन निवडताना, जिथून दर पाच-सात मिनिटांनी बस सुटतेच असं निवडावं, आणि सुरुवात जूनमध्ये करावी, कॉलेजं उघडतात आणि पासच्या खिडक्यांवर नवी गर्दी होते तेव्हा.